झिजलेला मास्टर आणि न वाचलेला दाखला

वाण्याच्या दुकानातील वजनावर वैधमापन खात्याच्या निरीक्षकाने उमटविलेला शिक्का पाहिला म्हणजे गिऱ्हाईक निश्चिंत होते, आणि त्याने तसे व्हावे हे योग्यच आहे. कारण त्या शिक्क्यामागे सरकारने ठरवून दिलेली चुकीची मर्यादा असते, निरीक्षकाने वजन त्या मर्यादेशी ताडून पाहिलेले असते, आणि मर्यादेबाहेरचे वजन बाद करण्याचा अधिकार त्याच्या हाती असतो. कारखान्यातील मापयंत्राच्या कॅलिब्रेशनचा दाखला हा मात्र निराळ्या जातीचा कागद आहे. प्रयोगशाळा त्यात एवढेच नमूद करते की अमुक तारखेस, अमुक तपमानात, तुमचे हे यंत्र खऱ्या मापापासून इतके ढळलेले आढळले, आणि आमच्या या सांगण्यात इतकी अनिश्चितता आहे. ते ढळणे तुमच्या कामाला चालेल की नाही याचा निवाडा, मुद्दाम मागितल्याखेरीज, ती करीत नाही. तो ज्याचे यंत्र त्याने करावयाचा असतो. हा भेद ध्यानात न आल्यामुळे सज्जन, कष्टाळू आणि आपल्या धंद्यात निष्णात अशा माणसांचे केवढे नुकसान होते ते भोसरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात आयुष्याचा मोठा भाग काढताना मी जवळून पाहिले आहे, आणि त्यांतील एका प्रकरणाची कैफियत, नवीन पिढीच्या तपासनिसांना उपयोगी पडेल अशा आशेने, येथे मांडीत आहे.

प्रथम त्या कागदामागची परंपरा थोडक्यात सांगतो. प्रकाश निर्वातात एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढे अंतर तोडतो तो मीटर, अशी व्याख्या १९८३ पासून जगभर मान्य आहे. आपल्या देशात ही व्याख्या प्रत्यक्षात उतरविण्याची जबाबदारी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आहे, जिची कोनशिला १९४७ च्या जानेवारीत पंडित नेहरूंनी बसविली. त्या प्रयोगशाळेच्या मानकांशी एनएबीएलची मान्यता मिळविलेल्या प्रयोगशाळांची मानके ताडलेली असतात, त्यांच्याशी आपले स्लिप गेज आणि मास्टर, मास्टरशी आपला डायल, आणि डायलशी अखेर यंत्रावरून उतरलेला तो एक भाग. वरच्या कड्या विद्वान माणसे नियंत्रित तपमानाच्या खोल्यांत जिवापाड सांभाळतात. शेवटच्या दोन कड्या मात्र तेलकट बाकावर, कूलंटच्या शिंतोड्यांत, दर तासाला हाताळल्या जात असतात, आणि माझा अनुभव असा की परंपरा तुटते ती बहुधा तेथेच.

त्या काळी मी इंजिने बनविणाऱ्या एका मोठ्या कारखान्याच्या गुणनियंत्रण खात्यात होतो, आणि सुटे भाग पुरविणाऱ्या लहान कारखान्यांकडे जाऊन तक्रारींची चौकशी करणे हे माझ्याकडे सोपविलेले काम होते. आमच्या जोडणी विभागातून तक्रार आली की एका पुरवठादाराकडून येणारी कठीण पोलादाची पिन आपल्या भोकात सैल बसते. पिनेचा व्यास २० मिलिमीटर, आणि ड्रॉइंगवर तिला दिलेला टॉलरन्स शून्यापासून उणे १३ मायक्रॉनपर्यंत, म्हणजे १९.९८७ पासून २०.००० मिलिमीटरपर्यंतची कोणतीही पिन ग्राह्य. आमच्या आवक तपासणीत काही पिना १९.९८४ आणि १९.९८५ भरल्या. पुरवठादाराच्या तपासणीपत्रकावर त्याच लॉटला वरपासून खालपर्यंत ‘ठीक’ अशी खूण होती.

मापाविषयी दोन पक्षांत मतभेद झाला की दोघेही आधी आपापले दाखले पुढे करतात, तसे येथेही झाले. त्या कारखान्याचे मालक स्वतः ग्राइंडिंग यंत्रावर वाढलेले, उत्तम हाताचे कारागीर होते. ते मला म्हणाले, “साहेब, आमचं एकही गेज मुदतीबाहेर नाही. यादी बघा, स्टिकर बघा, फाइल बघा.” मी यादी पाहिली, स्टिकर पाहिले, त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. बाकावरच्या वयस्क तपासनिसाला विचारले तेव्हा ते म्हणाले, “रोज पाळी सुरू होताना मास्टर लावून डायल शून्यावर घेतो, जेवणानंतर पुन्हा घेतो. त्यात कसूर नाही, साहेब.” तेही अक्षरशः खरे होते. सर्वजण आपापल्या जागी खरे असताना माल खोटा निघतो तेव्हा दोष व्यवस्थेच्या सांध्यात असतो, आणि तो शोधावयाचा म्हणजे माणसांवरचा राग बाजूस ठेवावा लागतो.

पिना मोजण्याची तेथील रीत अशी होती की डायल बसविलेल्या स्नॅप गेजमध्ये प्रथम २० मिलिमीटरचा सेटिंग मास्टर धरावयाचा, काटा शून्यावर आणावयाचा, आणि मग एकेक पिन सरकवून काटा शून्याच्या किती खाली जातो ते पाहावयाचे. रीत शास्त्रशुद्ध आहे. साध्या मायक्रोमीटरचा लघुतम अंक ०.०१ मिलिमीटर, म्हणजे १० मायक्रॉन, असल्यामुळे १३ मायक्रॉनांच्या टॉलरन्सचा न्याय त्याने करताच येणार नाही, आणि अशी तुलनात्मक पद्धतच तेथे हवी. परंतु या पद्धतीत एक गोष्ट विसरता कामा नये. डायलला पिनेचे माप मुळीच ठाऊक नसते, त्याला ठाऊक असतो फक्त मास्टर. मास्टर ४ मायक्रॉन झिजला तरी काटा त्यावर शून्यच दाखवितो, आणि त्यानंतर येणारी प्रत्येक पिन आपल्या खऱ्या मापापेक्षा ४ मायक्रॉन मोठी असल्याची साक्ष देते. १९.९८४ ची बाद पिन १९.९८८ म्हणून सुखरूप पार होते.

त्या कारखान्यात दोन बाके, दोन स्नॅप गेज आणि दोन मास्टर होते. दोन्ही मास्टर आम्ही आमच्या मापन कक्षात आणले, २० अंश सेल्सिअस तपमानात रात्रभर ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी स्लिप गेजच्या ठोकळ्यांशी ताडले. (या ठोकळ्यांविषयी माझ्या मनात नेहमीच कृतज्ञता राहिली आहे. स्वीडनमधील एस्किल्स्टुना येथील सरकारी बंदूक कारखान्यातला योहान्सन नावाचा एक निरीक्षक १८९६ साली अशा विचाराला लागला की प्रत्येक मापासाठी वेगळे गेज करण्याऐवजी थोड्या ठोकळ्यांच्या बेरजेतून हवे ते माप का उभारू नये. आणि त्याच्या १०२ ठोकळ्यांच्या संचाने पुढे साऱ्या जगाच्या यंत्रशाळांना एक समान भाषा दिली.) एक मास्टर बिनचूक निघाला. दुसरा, जो ग्राइंडिंग यंत्राला लागून असलेल्या बाकावर वापरला जात होता, तो ४ मायक्रॉन उणा होता. चिपांच्या बारीक भुकटीने गढूळ झालेल्या कूलंटचे हात त्याला दिवसभर लागत होते, आणि अंगावर २०.००० असा आकडा कोरलेला असल्यामुळे त्याच्याविषयी संशय घेणे कोणाच्या मनातही आले नव्हते.

यानंतर मी फाइल पुन्हा उघडली, आणि या सर्व प्रकरणातील मला सर्वांत अधिक व्यथित करणारी गोष्ट तेथे सापडली. त्याच मास्टरच्या मागल्या वर्षीच्या दाखल्यावर ‘उणे ३ मायक्रॉन’ असे स्वच्छ छापलेले होते. त्याच्याही मागल्या वर्षीच्या दाखल्यावर ‘उणे १’ होते. प्रयोगशाळेने आपले काम चोख बजावले होते; सत्य त्या कारखान्याच्याच दप्तरात, पंच केलेल्या भोकांत दोरी ओवून, वर्षभर पडून होते. दाखला आला तेव्हा स्टोअरच्या कारकुनाने त्यावरची तारीख पाहिली, पुढील मुदत यादीत भरली, हिरवे स्टिकर डबीवर चिकटविले आणि कागद फाइलला लावला. त्या कारकुनाला मी कधीही दोष दिला नाही, कारण किती उणे म्हणजे बाद हे त्याला कोणी लिहून दिलेलेच नव्हते. तारीख सांभाळणे हे त्याचे काम होते आणि ते त्याने केले. माप वाचणे हे कोणाचेच काम ठरविलेले नव्हते.

येथून पुढे जे घडले ते तपशिलाने सांगण्यासारखे आहे. मास्टर बाद करून नवा आणणे हे अर्ध्या दिवसाचे काम होते. खरे काम होते मागे जाण्याचे. आयएसओ ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीत ७.१.५.२ या कलमात स्पष्ट हुकूम आहे की मापनसाधन त्याच्या उद्दिष्टास अयोग्य आढळले तर त्याने पूर्वी केलेल्या मोजमापांची वैधता बाधित झाली आहे की काय हे ठरवावे आणि योग्य ती कारवाई करावी. आणि मोटार-उद्योगाचे आयएटीएफ १६९४९ हे मानक तर संशयित माल रवाना झाला असल्यास गिऱ्हाइकाला तसे कळवावयास सांगते. या कलमाकडे बहुतेक कारखान्यांत ऑडिटपुरता एक परिच्छेद म्हणून पाहिले जाते. मला ते साऱ्या कॅलिब्रेशनचा गाभा वाटते. कारण यंत्र पुढे बरोबर मोजावे एवढ्याचसाठी आपण ते प्रयोगशाळेत पाठवितो असे नाही, तर गेल्या दाखल्यापासून आजवर त्याने जे मोजले त्याचा न्याय व्हावा म्हणूनही पाठवितो.

मागे जावयाचे ते कोठवर? पहिला विचार असा आला की शेवटच्या दाखल्यापर्यंत. परंतु शेवटच्या दाखल्याच्या वेळीच मास्टर ३ मायक्रॉन उणा होता, आणि १३ मायक्रॉनांच्या टॉलरन्ससाठी मास्टरची चूक एका मायक्रॉनच्या आसपासच असावी असा आमच्या धंद्यातील सर्वमान्य शिरस्ता आहे. तेव्हा मागे जावयाचे ते मास्टर ज्या दिवशी शेवटचा ग्राह्य होता तेथवर, म्हणजे आणखी एक वर्ष मागे. त्या दोन्ही मुदतींच्या दरम्यान मास्टर तपासल्याची एकही नोंद नव्हती, म्हणून तो नेमका कोणत्या महिन्यात मर्यादा ओलांडून गेला हे सांगण्यास काहीच आधार राहिला नाही. दुसरा प्रश्न, कोणत्या पिना? दोन बाकांपैकी एक निर्दोष होते. पण तपासणीपत्रकावर पार्टचा क्रमांक, लॉट आणि सही असे, गेजचा क्रमांक नसे. त्यामुळे निर्दोष बाकावरून गेलेला मालही संशयितांच्या रांगेत उभा करावा लागला. तिसरी गोष्ट मला आजही खटकते. चूक ४ मायक्रॉनांची होती हे कळल्यावर, ज्या लॉटांची वाचने खालच्या हद्दीपासून ४ मायक्रॉनांच्या आत होती तेवढेच खरोखर धोक्याचे होते; उरलेले, चार वजा करूनही, टॉलरन्सच्या आतच राहिले असते. म्हणजे पत्रकावर आकडे लिहिलेले असते तर एका संध्याकाळी, टेबलाशी बसून, पुष्कळसा माल मोकळा करता आला असता. पत्रकावर आकडे नव्हते, ‘ठीक’ होते.

मग व्हावयाचे ते सर्व झाले. दोन्ही कारखान्यांतील साठा अडकवून ठेवला, एकेक पिन नव्या मास्टरने मोजली, आवारात उभ्या असलेल्या इंजिनांपैकी संशयित लॉटची इंजिने उघडली. जी इंजिने गावोगाव निघून गेली होती त्यांच्याविषयी रचना खात्याने सर्वांत लहान पिन आणि सर्वांत मोठे भोक एकत्र आले तर काय होईल याचा हिशेब मांडला, आणि त्या जोडणीत आवाज व झीज वाढेल परंतु जिवाला अपाय संभवत नाही असा निर्णय देऊन पुढील सर्व्हिसिंगच्या वेळी पिना बदलण्याची तजवीज केली. तोच भाग ब्रेकचा असता तर हे उत्तर मुळीच पुरले नसते. सर्व खर्च त्या लहान कारखान्याच्या खाती पडला. मालकांनी कुरकूर केली नाही. परंतु कोणत्याही कारागिराने आपल्या हातून गेलेला चांगला मालही परत मोजण्यासाठी रांगेत ठेवलेला पाहावा, ही शिक्षा मला त्यांच्या बिलापेक्षा जड वाटली.

या प्रकरणानंतर जेथे जेथे मला सांगण्याचा अधिकार होता तेथे मी पुढील गोष्टींचा आग्रह धरला, आणि त्यांतील एकीचाही मला पश्चात्ताप झालेला नाही.

दाखला प्रथम वाचला पाहिजे, आणि वाचणाऱ्याचे नाव ठरलेले पाहिजे. प्रत्येक गेजच्या नोंदीत, ते प्रयोगशाळेत जाण्यापूर्वीच, किती चुकीपर्यंत ते ग्राह्य हे लिहून ठेवावे; दाखला आल्यावर अभियंत्याने तो आकडा ताडून सही करावी, आणि त्या सहीशिवाय स्टिकर लागू नये. वाचताना गेजवर कोरलेला क्रमांक आणि दाखल्यावरचा क्रमांक एकच आहेत ना, आपण ज्या मापाशी वापरतो ते माप तपासलेल्या बिंदूंत आहे ना, ते काम त्या प्रयोगशाळेच्या मान्यतेच्या कक्षेत बसते ना, आणि अनिश्चितता आपल्या टॉलरन्सच्या मानाने पुरेशी लहान आहे ना, एवढी खातरजमा करावी. अनिश्चितता हा आकडा पुष्कळजण शोभेचा समजतात. तीन मायक्रॉन उणे आणि अनिश्चितता अर्धा मायक्रॉन, हे एक वाक्य झाले. तीन उणे आणि अनिश्चितता चार, हे अगदी निराळे वाक्य झाले, आणि दुसऱ्यावरून कोणताही निवाडा करता येत नाही.

प्रयोगशाळेला काम देताना लेखी मागणी करावी की यंत्र जसे आले तसे आधी मोजा, आणि मगच लागल्यास दुरुस्त करा. मायक्रोमीटर, प्रेशर गेज, टॉर्क रेंच यांसारखी यंत्रे जुळवून देता येतात, आणि ती सद्‌हेतूने आधी जुळवून मग दाखला दिला तर कागदावर सर्व शून्य दिसते, परंतु गेल्या वर्षभरात त्या यंत्राने काय केले याचा एकमेव पुरावा नष्ट झालेला असतो. असे निष्कलंक दाखले पाहून समाधान पावणारी माणसे मी पुष्कळ पाहिली, आणि दरवेळी मला काळजी वाटली.

मुदतीविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. वर्षाला एकदा, असा सरसकट शिरस्ता सर्वत्र आहे, आणि तो कोणत्याही मानकाने घातलेला नाही; मुदत किती असावी हे यंत्राचा वापर, झीज आणि पूर्वीच्या दाखल्यांतील कल पाहून ठरवावे हाच सर्व मार्गदर्शिकांचा आशय आहे. टॉर्क रेंचच्या मानकात तर बारा महिने किंवा पाच हजार वेळा वापर, यांपैकी जे आधी येईल ते, असा संकेत आहे, आणि त्यातले तत्त्व सर्वांनी घ्यावे. मालकांना मी एकच प्रश्न विचारीत असे: हे गेज उद्या चुकीचे निघाले तर किती दिवसांचा माल परत मोजण्याची तुमची ऐपत आहे? जे उत्तर येईल तीच त्या गेजची खरी मुदत. प्रयोगशाळेत वारंवार पाठविणे परवडत नसेल तर मधल्या काळासाठी कारखान्यातच स्लिप गेजचा एक संच ठेवावा, तो उत्पादनाच्या बाकावर कधीही जाऊ देऊ नये, आणि दर आठवड्याला कामाचे मास्टर त्याच्याशी ताडून आकडा नोंदवहीत लिहावा. त्या कारखान्यात ही वहिवाट असती तर संशयाखाली आला असता तो आठवड्याचा माल.

तपमानाविषयी थोडक्यात. लांबीच्या मापांसाठी २० अंश हे प्रमाण तपमान १९३१ साली आंतरराष्ट्रीय समितीने ठरविले. पुण्याच्या मे महिन्यात यंत्रशाळेचा पारा ३८ वर असतो. पोलादाचा भाग पोलादाच्या मास्टरशी, दोन्ही सारखे निवलेले असताना, ताडला तर विशेष बिघडत नाही; परंतु ॲल्युमिनियम पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते, आणि १०० मिलिमीटरच्या भागात त्या तपमानाला एकट्या या कारणाने २० मायक्रॉनांचा फरक पडतो. यंत्रावरून गरम उतरलेला भाग निवू न देता मोजणे तर कोणत्याही ऋतूत चुकीचेच.

आता एक गोष्ट जी कोणत्याही मानकात सापडणार नाही. गेज हातून पडले तर पगारातून दंड कापण्याची रीत काही कारखान्यांत मी पाहिली आहे. ज्या दिवशी ती रीत सुरू होते त्या दिवसापासून गेज पडल्याची एकही वर्दी खात्यात येत नाही. मायक्रोमीटर पडतात, पुसून डबीत ठेवले जातात आणि दुसऱ्या पाळीला काम करीत राहतात. पडलेले गेज स्वतः आणून देणाऱ्या कामगाराचे आभार मानावेत, त्याला दुसरे गेज ताबडतोब द्यावे, आणि पडलेले तपासून होईपर्यंत कुलुपात ठेवावे. त्याचप्रमाणे कामगाराच्या स्वतःच्या पेटीतला जुना व्हर्नियर, मोल्डिंग खात्यात कोणाला सापडलेला प्लग गेज, नवा म्हणून थेट बाकावर गेलेला डायल, या यादीबाहेरच्या यंत्रांचा शोध वर्षातून एकदा पेट्या-कपाटे उघडून, रागावल्याशिवाय, घ्यावा.

ज्यांच्या स्वाधीन आज एखाद्या कारखान्याचे गेज आहेत त्यांना माझी विनंती आहे की उद्या कामावर गेल्यावर सर्वांत अधिक वापरात असलेल्या मास्टरचे मागील तीन दाखले काढावेत, त्यांतील चुकीचे आकडे तारखांसह एका ओळीत लिहावेत, आणि ते एकाच दिशेने सरकताना दिसले तर पुढील मुदतीची वाट न पाहता तो मास्टर त्याच दिवशी बाकावरून उचलावा.